पहिला व्हायब्रेटर, सोलापूरच्या घरात

वस्तू चांगली आहे. जाहिरात निम्मी खोटी आहे. सोबत आलेली सॅटिनची पिशवी बिनकामाची आहे. घाईत असणाऱ्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण घ्यायच्या आधी मी मराठीत शोधलं तेव्हा जे सापडलं ते एक तर चावट होतं, नाही तर उपदेश. धुवायचं कशानं, ठेवायचं कुठं, आवाज किती येतो, हे कुणी सांगेना.

कंपनीचं नाव देत नाही. असल्या वस्तूंची मॉडेलं सारखी बदलतात, आणि पाकिटावर काय वाचायचं ते कळलं की कुठल्याही कंपनीची पारखता येते.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेलं आहे, पण ते नाव राखायचं काम चेकिंगच्या टेबलावर होतं. माल हातात आला की आधी वास घ्यायचा, मग उलटा हात फिरवायचा, मग कडेची शिलाई बघायची. लेबलवर काय छापलंय ते सगळ्यात शेवटी. या खरेदीतही मी तेच केलं.

तर आधी माल. तीन-चारशे रुपयांत ऑनलाइन जे दिसतं ते बहुतेक 'जेली', पीव्हीसी नाही तर टीपीई (रबरासारखं मऊ प्लॅस्टिक) असतं. पीव्हीसी मऊ पडावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात, आणि ती हळूहळू बाहेर झिरपतात. पाकीट फोडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला, हाताला चिकट लागलं, की ते बाजूला ठेवायचं. टीपीईचा त्रास वेगळा. ते सच्छिद्र असतं. बारीक छिद्रांत ओल आणि जंतू बसतात आणि वरून कितीही धुतलं तरी आतून निघत नाहीत. ज्या भागातून पांढरं जायला लागलं, तिथं खाज सुटली, तर बाई महिनाभर कुणाला सांगत नाही, त्या भागाशी असा माल लावायचा कशाला? सिलिकॉन, एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक, बोरोसिलिकेट काच आणि स्टेनलेस स्टील हे चार प्रकार सच्छिद्र नसतात. पहिल्यांदा घेणाऱ्यानं यांच्या बाहेर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमी असतील तर एबीएसची छोटी, बोटभर लांबीची 'बुलेट' घ्यावी, पण स्वस्तातली मऊ वस्तू नको.

कारखान्यात धागा सुती की पॉलिस्टर हे बघायला आम्ही काडी लावतो. सुती जळाला की कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सिलिकॉनचीही अशी परीक्षा असते, ते वितळत नाही आणि पांढरी राख धरतं. पण अडीच हजारांच्या वस्तूला काडी कोण लावणार! म्हणून नाकावर आणि नखावर भागवलं. माझ्या वस्तूला वास अजिबात नव्हता. सिलिकॉनचं आवरण एकसंध होतं, मुठीकडच्या बाजूला साच्याची बारीक रेघ होती, पण नखाला अडकत नव्हती. चेकिंगमध्ये पास.

'बॉडी सेफ' या शब्दांना मात्र भुलू नका, ते कुणीही छापतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं 2021 साली या वस्तूंसाठी 3533 क्रमांकाचं मानक काढलं आहे. त्याचा उल्लेख असेल तर चांगलंच. नसेल तर निदान आवरण कशाचं आहे हे एका शब्दात, सरळ लिहिलेलं हवं. 'प्रीमियम स्किन-फील मटेरियल' असं लिहिणाऱ्याला मालाचं नाव सांगायचं नसतं. आमच्या धंद्यातही 'कॉटन फील' लिहिलेला टॉवेल कधी सुती निघत नाही.

आकाराचं सांगते. साइटवर गेलं की डोळे फिरतात. सशाचे कान असलेले, मायक्रोफोनएवढे, हवेनं ओढणारे. मी मुठीत मावणारा, बाहेरून लावायचा, गोट्यासारखा गुळगुळीत घेतला. कारण साधं आहे. बहुतेक बायकांना जे सुख मिळतं ते क्लिटोरिसमुळे, नुसतं आत काही घालून नाही. आणि बाहेर जो दाणा दिसतो तो तिचं फक्त टोक असतं, बाकीची आत दोन्ही बाजूंना पसरलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओकॉनेल या युरॉलॉजिस्ट बाईंनी हे 1998 साली नीट मोजून-मापून मांडलं, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी. पुरुषांच्या बाबतीत एवढा उशीर झाला असता का, विचारा. असो. बाहेरची वस्तू पहिल्यांदा बरी, कारण काही अडकत नाही, दुखत नाही, आणि नको वाटलं तर हात बाजूला घेतला की संपलं.

मागच्या बाजूनं वापरायचा विचार असेल तर एकच नियम, वस्तूला खाली पसरट बूड हवंच. तिथं आत गेलेली वस्तू आपोआप थांबत नाही, पुढं ओढली जाते, आणि मग सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन सांगायची वेळ येते. आणि मागं वापरलेली वस्तू न धुता पुढं आणायची नाही.

वेग किती आणि पॅटर्न किती, याची साइटवर मोठी जाहिरात असते. माझ्यात दहा पॅटर्न आहेत. नऊ उगाच आहेत. एक चालू झाला की वरातीतला बँड वाटतो. बघायचं ते एवढंच की सगळ्यात खालचा वेग किती हळू आहे. माझ्यातला खालचा वेग चांगला मंद आहे, म्हणून गुण देते. सुरुवातीला कापडावरूनच लावावं, थेट नको. जोराचा वेग लगेच लावला तर तिथं बधिरपणा येतो. तो थोड्या वेळात जातो, कायमचा राहत नाही, पण मजा घालवतो. बटण मात्र एकच दिलंय, त्याच्यानंच वाढवायचं आणि त्याच्यानंच फिरून खाली यायचं. म्हणजे कमी करायचं असेल तर आधी सगळ्या वरच्या पायऱ्या सोसायच्या. हे ज्यानं बनवलं त्यानं स्वतः वापरून बघितलेलं नाही, हे नक्की. अधिक-उणे अशी दोन बटणं असलेलं घ्या.

मोबाइल ॲपवर चालणारे मी बघितलेसुद्धा नाहीत. कॅनडाच्या एका कंपनीची ॲप कोण कधी किती वापरतं याची माहिती गोळा करत होती, आणि 2017 साली अमेरिकेत कोर्टात पैसे मोजून तिला ते प्रकरण मिटवावं लागलं. माझा मोबाइल मुलगी अभ्यासाला घेते. विषय संपला.

आता आवाज. साइटवर लिहिलं होतं की कुजबुजीइतका. आमचं घर अशोक चौकाच्या मागं, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसा माग चालू असतात तेव्हा कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, याची काय कथा. पण रात्री माग बंद झाले की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा मोठी वाटते, आणि तेव्हा हा नुसता हातात धरला तर बारीक घूं येते, लोखंडी पलंगाच्या कडेला टेकला तर अख्खा पलंग बोलायला लागतो. खालच्या दोन वेगांवर, वर आमची जाड सोलापुरी चादर घेतली, तर दाराबाहेर काही जात नाही. तिसऱ्या वेगापासून पंखा लावावा. सोलापुरात पंखा तसाही बारा महिने असतो.

आणि याला लॉक नाही. बटण जरा दाबलं गेलं की चालू. एका दुपारी कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली तो आपोआप सुरू झाला. लोखंडी कपाट, त्यात पत्र्याचा कप्पा. सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या.

"काय वाजलालंय गं कपाटात?"

"मोबाइल आहे आई, व्हायब्रेटवर ठेवलाय."

"मग उचल की. कुणाचा तरी फोन असंल."

उचलला. कंपनीला लिहून विचारलं तर उत्तर आलं की लॉक वरच्या मॉडेलमध्ये आहे, एक हजार रुपये जास्त. एकत्र घरात राहणाऱ्या बाईसाठी लॉक ही चैन नाही. बटण तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालू होणार नाही असंच मॉडेल घ्या, बाकी रंग-बिंग नंतर बघा.

मागवणं सोपं गेलं. तपकिरी खोका, वर पाठवणाऱ्याचं वेगळंच नाव, कुठं चित्र नाही, बिलावर 'पर्सनल मसाजर'. पत्ता मी घरचा दिला, पण वेळ दुपारची निवडली, सासूबाईंच्या भजनाची. सील फोडलं की परत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे चार्ज होतो का, चालू होतो का, हे मिळाल्याबरोबर बघा. वॉरंटी वर्षाची आहे, त्यासाठी बिल ईमेलमध्ये जपून ठेवा.

हे कायद्यात बसतं का, असं माझ्या नवऱ्यानं पहिलं विचारलं. तो चाकणला असतो, शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतो, सोमवारी पहाटेची गाडी धरतो, आणि प्रत्येक गोष्टीत त्याला आधी पोलीस दिसतात. घरात अशी वस्तू ठेवायला, वापरायला बंदी करणारा वेगळा कायदा नाही. अश्लील चित्रं, अश्लील प्रदर्शन यावरची कलमं आहेत, म्हणून कंपन्या खोका साधा ठेवतात. बाहेरून येणाऱ्या मालावर कस्टमवाले अडून बसायचे. पण मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात त्यांना सुनावलं, की बॉडी मसाजरचा कुणी असा वापर करेल अशी कल्पना करून माल अडवता येणार नाही. हे वाचून दाखवल्यावर नवऱ्याचा दुसरा प्रश्न आला, "मग माझं काय काम?" म्हटलं, तुमचं काम शनिवारी. सोमवार ते शुक्रवार कुणाचं आहे? हसला. आता शनिवारीही तोच कपाटातून काढतो कधी कधी. दोघांत वापरायचं असेल आणि कुणाला काही जंतुसंसर्ग असेल तर वर निरोध चढवावा, आणि दुसऱ्यानं घेताना बदलावा.

ल्युब्रिकंट, म्हणजे कोरडं घासू नये म्हणून लावायची निसरडी जेली, वेगळं घ्या, हे विसरू नका. खोक्यात आलेलं सॅशे दोन थेंबांचं असतं. चाळिशी ओलांडलेल्या काही बायकांना कोरडेपणा येतो, बाळंतपणानंतर दूध पाजताना येतो, काही गोळ्यांनी येतो. त्यात लाजायचं काही नाही आणि सोसायचंही काही नाही. सिलिकॉनच्या वस्तूवर पाण्याच्या बेसचंच वापरायचं. सिलिकॉनचं ल्युब्रिकंट सिलिकॉनच्या आवरणाला खराब करू शकतं, पृष्ठभाग चिकट, खडबडीत होतो. आमच्याकडं केसांपासून टाचेपर्यंत सगळ्याला खोबरेल, पण निरोध लॅटेक्सचा असेल तर तेलानं तो कमजोर होऊन फाटतो, आणि वस्तूवरचं तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही. वास घातलेलं, गरम-थंड लागणारं, चव असलेलं पहिल्यांदा नको.

हे आणायला मी घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले होते. म्हटलं, पाण्याच्या बेसची जेली द्या. दुकानदारानं मान वर न करता एक ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून दिली, पॅड देतात तशीच. घरी येऊन वाचलं तर लिग्नोकेन दोन टक्के. ती बधिर करायची जेली. लघवीची नळी घालताना, तपासणीला लावतात ती. सुखासाठी वस्तू घ्यायची आणि वर भूल लावायची! परत गेले, ट्यूब काउंटरवर उघडी ठेवली आणि मोठ्यानं विचारलं. मागं दोन गिऱ्हाइकं होती, राहू देत. तेव्हा आतून बरोबर वस्तू निघाली. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत कोर्टकचेऱ्या सोसत चालवलं, याच विषयांवर, याच मराठीत. आणि आपण अजून ट्यूबला कागद गुंडाळतोय. ट्यूबवर लिग्नोकेन, लिडोकेन, झायलोकेन यांतलं काही दिसलं तर घेऊ नका. सोनोग्राफीची जेलीही नको, ती कातडीवर लावायची असते.

धुणं हा भाग मी जरा लांबवणार, कारण सगळं त्याच्यावर आहे आणि पुस्तिकेत चार ओळी होत्या. वापरायच्या आधी धुवायचं, वापरल्यावर लगेच धुवायचं. वाळल्यावर घासत बसावं लागतं. साबण साधा, बिनवासाचा, लहान मुलांचा चालतो. डेटॉल, फिनेल, स्पिरिट काही नको. वास राहतो, आवरणावर अंश राहतो, आणि तो नाजूक जागी झोंबतो. योनीत आंबटपणा असतो, पीएच 3.8 ते 4.5 च्या आसपास, आणि तोच तिथल्या चांगल्या जिवाणूंना सांभाळतो. त्यामुळे धुवायचं ते वस्तूला, स्वतःला आतून नाही.

आता सोलापूरचं पाणी. उजनी धरण भरलं तरी आपल्याला नळाला पाणी रोज नाही, मग पिंप, टाकी, बादल्या. पिंपात तळाला साचलेल्या पाण्यानं ही वस्तू धुवू नका. बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात आणि चार्जिंगच्या पितळी ठिपक्यांवर क्षार धरतो. मी साबण लावून साध्या पाण्यानं धुते आणि शेवटचा तांब्या उकळून गार केलेल्या पाण्याचा घेते. तेवढं पाणी परवडतं. माझ्या मॉडेलवर आयपीएक्स-7 लिहिलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतं, नळाखाली धुवायला हरकत नाही. ज्यावर असं काही लिहिलेलं नाही ते पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानं साबण लावून पुसायचं. उकळायचं ते फक्त मोटार-बॅटरी नसलेलं, नुसत्या सिलिकॉनचं किंवा स्टीलचं, आणि तेही चहाच्या पातेल्यात नाही.

पुसायला सुती, न झडणारं कापड. इथं माझा अधिकार चालतो. नवा टेरी टॉवेल पहिल्या दोन-तीन धुण्यांत लव सोडतो आणि सिलिकॉन ती लव लोहचुंबकासारखी ओढून घेतं. म्हणून जुना, मऊ पडलेला पंचा किंवा मलमलच बरी. सॅटिनच्या पिशवीला मी बिनकामाची म्हटलं ते याच कारणानं. ती आतून धागे सोडते आणि हवा खेळू देत नाही. मी कारखान्यातल्या कटपीसमधून पांढऱ्या सुती कापडाची छोटी पिशवी शिवली, नाडी घालून. दोन सिलिकॉनच्या वस्तू असतील तर एकाच पिशवीत चिकटून ठेवू नका, वेगळ्या ठेवा.

पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही. चार्जर मोबाइलचा जलद चार्ज करणारा नको, जुना, साधा, पाच व्होल्ट एक अँपिअरचा घ्या, नाही तर लॅपटॉपला लावा. रात्रभर लावून झोपू नका. आणि एप्रिल-मे मध्ये, पारा 43-44 ला टेकतो तेव्हा, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट संध्याकाळी हात लावू देत नाही. लिथियमच्या बॅटरीला ती भट्टी चालत नाही, ल्युब्रिकंटलाही नाही. मी उन्हाळ्यात ती पिशवी धान्याच्या कोठीमागच्या गार फडताळात हलवते, वरच्या फळीवर, मुलीचा हात पोचत नाही तिथं. बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी सोडू नका.

दुखत असेल, रक्त जात असेल, खाज किंवा वास येत असेल तर वस्तू बाजूला ठेवून डॉक्टरकडं जायचं. नुकतंच बाळंतपण किंवा गर्भपिशवीची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी विचारायचं. माझ्या डॉक्टर बाईंना मी सरळ विचारलं, त्यांनी डोळेसुद्धा मोठे केले नाहीत, फक्त ल्युब्रिकंटमध्ये ग्लिसरीन कमी असलेलं बघ म्हणाल्या, कारण मला बुरशीचा त्रास वरचेवर होतो.

आवरणाला चीर गेली, चिकटपणा आला, रंग बदलला की टाकून द्यायचं. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात नाही, बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते. जुने मोबाइल, चार्जर घेणाऱ्या ई-कचऱ्यात द्यायचं. तिथं कुणी उघडून बघत नाही, जुन्या ट्रिमरच्या ढिगात हेही जातं.

पाचपैकी साडेतीन. माल, मंद वेग आणि धुवायला सोपं म्हणून गुण दिले. लॉक नाही म्हणून एक कापला, एकाच बटणासाठी आणि पिशवीसाठी अर्धा. दिवाळीत सवलत लागते तेव्हा लॉकवालं घेणार आहे.